तक्कुव

सोलापुरात चढ नाही.
विडी घरकुलापासून अशोक चौकापर्यंत
सायकलवरून एकदाही उतरावं लागत नाही.
मी डोंगर शिकले पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर,
एकशे बारा पायऱ्या, पाठीवर वाळूची पिशवी,
मे महिन्यात, कठड्याचं लोखंड धरवत नसे तेव्हा.
वॉचमन शिवलिंगआप्पा खालून ओरडायचे,
वर काय ठेवलंय गं, पाणीच की.

त्या डोंगराला दोन माथे आहेत.
पहिल्यावर दोर संपतो.
दोर संपला की माणसाला वाटतं डोंगर संपला.
तिथं झेंड्या होत्या, गोठून कडक,
खळ दिलेल्या सुतासारख्या.
दावा म्हणाला, इथंच. सगळे इथंच काढतात.
मी मास्क काढला, तिरंगा धरला, हसले.
थंडीनं दात दुखले.

मग ढग जरा सरकला,
दुकानाचं शटर अर्धं उघडावं तसा,
आणि पुढं दिसली बर्फाची धार,
तिच्या टोकाला अजून थोडं वर.
फार नाही. पुरुषभर उंच, वीसेक पावलं लांब.
शटर पडलं.
मी दावाला काही विचारलं नाही,
त्यानंही माझ्याकडं बघितलं नाही.
उतरलो.

स्टेशनावर हलगी. चौकात फ्लेक्स,
'शिखरकन्या श्रीलता येमुल',
माझ्यापेक्षा मोठा नगरसेवक
आणि गॉगल लावलेला त्याचा पुतण्या.
जिथं जाईन तिथं नारळ आणि चादर.
घरात सात चादरी झाल्या, भर उन्हाळ्यात.
एका शाळेत पाचवीतल्या पोरानं विचारलं,
मॅडम, एकदम वर गेल्यावर कसं वाटतं?
मी पाणी मागितलं.

अम्माला सांगितलं, एका रात्री, लाईट गेलेली असताना.
तिचे हात अंधारातही चालतात,
पान, तंबाखू, वळण, दोरा, तोंड मुडपणं.
'किती राहिलं?'
वीसेक पावलं.
हात थांबले नाहीत.
'तक्कुव,' म्हणाली.

म्हणजे कमी.
बोलायला शिकायच्या आधी मी हा शब्द ऐकला असेन.
कारखान्यात हजार म्हणजे हजार.
नऊशे ऐंशी भरल्या तर तपासनीस
शिव्या देत नाही,
वहीत नऊशे ऐंशी लिहितो.
अम्मा तेवढंच म्हणाली होती, दोष दिला नव्हता.
मी सात चादरींची घडी उशाला घेऊन
जागी राहिले.

तिसऱ्या वर्षी परत गेले. कर्जाचं सांगत नाही.
दोर संपला तिथं दावानं नवा दोर सोडला,
तो आधीपासून पाठीवर होता त्याच्या.
धारेवर एक पाय टाकायचा, त्याच्याशी दुसरा आणायचा.
डावीकडं काही नाही. उजवीकडं बघितलं नाही.
मी मोजत होते, तेलुगूत,
लहानपणी विड्यांचे कट्टे मोजायचे तसं,
ओकटी, रेंडू, मूडू,
एका आकड्याला दोन श्वास, पुढं चार,
मध्येच एकदा आकडा चुकला वाटून
उभी राहून सगळे पुन्हा म्हटले.

टोकावर बसायला जागा नाही.
एका माणसाचे गुडघे मावतात.
त्याच्यावर काही आहे का,
हात उंच करून बघितलं.
नव्हतं.
शिवलिंगआप्पा आठवले, आणि
त्या उंचीवर हसायला लागणारा श्वास परवडत नाही,
तरी हसले.
कॅमेरा गोठला होता. फोटो नाही.

यावेळी फ्लेक्स लागला नाही.
नगरसेवक म्हणाला, आधीच लावला होता की, ताई.

अम्मा उद्याची पानं भिजवत होती.
वीस नव्हती गं, मी म्हणाले. सत्तावीस निघाली.
तिनं फडकं पिळलं, पानांवर पसरलं.
'अंदाजानं कुणी मोजतं का,' म्हणाली,
आणि कात्री माझ्याकडं सरकवली.